खोक्यावर एक, आत दुसरंच: सुटे भाग घेताना तुम्ही काय तपासता?

खटपट्या

मंडळी,

२०२५ संपता संपता रॅम आणि एसएसडीचे भाव चढायला लागले, तेव्हापासून मला येणाऱ्या प्रश्नांची तऱ्हाच बदलली. आधी लोक विचारायचे, "कोणतं घेऊ?" आता विचारतात, "मिळतंय ते उचलू का?" घाईत उचललेल्या मालात फसगत ठरलेली, म्हणून हा धागा काढतोय.

टंचाई का, ते आधी थोडक्यात. जगातली बहुतेक डीरॅम (रॅमच्या आतल्या चिपा) तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरीही त्याच बनवतात. आणि एचबीएम भलती खादाड आहे, डीडीआर५ इतकीच (म्हणजे नव्या पीसीतल्या रॅमइतकीच) क्षमता काढायला जवळपास तिप्पट वेफर, म्हणजे चिपा कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या, खाते. कारखाने तेवढेच, गिऱ्हाईक मात्र मोठं आलं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रूशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. माल फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत पाठवणार आणि विकलेल्या मालाची वॉरंटी पाळणार, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. म्हणजे कुणाकडे क्रूशलची स्टिक असेल तर बिल जपून ठेवा.

भावाचं आपण काही करू शकत नाही. नावाला भुलायचं की नाही, एवढं आपल्या हातात आहे. या धंद्यात एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकायची जुनी खोड आहे. जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड आठवतंय? २०१७ ला आलं ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन. पुढच्या वर्षी तेच नाव, तसंच खोकं आणि आत साधी डीडीआर४. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, ४८ वरून १७ च्याही खाली, सेकंदाला गिगाबाइटमध्ये. जीटीएक्स १०६० च्या ३ आणि ६ जीबी प्रकारांत लोकांना वाटायचं फरक फक्त मेमरीचा. तसं नव्हतं, ३ जीबीवाल्यात कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी होते, १२८० ऐवजी ११५२. आरटीएक्स ३०५० ची गोष्टही तीच: २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबी प्रकारात कोअर कमी आणि मेमरीची बसही (डेटाचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिटची. (त्याची एक बाजू घ्यायची तर ते ७० वॅटमध्ये भागवतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लहान असेल तर उपयोगाचं कार्ड आहे. पण मग नाव तरी वेगळं द्यायचं होतं!)

एसएसडीत हा प्रकार गुपचूप चालतो. २०२१ मध्ये एकापेक्षा जास्त नामवंत कंपन्यांनी मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर (कारभार पाहणारी चिप) किंवा फ्लॅश (डेटा साठवणारी चिप) बदलल्याचं उघड झालं. टीएलसीच्या जागी स्वस्त पण संथ क्यूएलसी फ्लॅश आली की पहिले काही गिगाबाइट झकास वेग मिळतो, कारण तो एसएलसी कॅशेचा, म्हणजे छोट्या वेगवान राखीव जागेचा वेग असतो. कॅशे भरली की मोठी फाइल उतरवताना वेग हार्ड डिस्कच्या पंगतीला येऊन बसतो. खोक्यावर छापलेला आकडा नेहमी कॅशे रिकामी असतानाचा.

म्हणून माझा नेम असा की दुकानात किंवा साइटवर नाव विचारायचं नाही, पूर्ण मॉडेल क्रमांक विचारायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि वस्तू घरी आली की त्याच दिवशी तपासायची. प्रोसेसर-रॅमला सीपीयू-झेड, कार्डाला जीपीयू-झेड, डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो. तिन्ही फुकट. परत करायची मुदत संपल्यावर लागलेल्या शोधाचा उपयोग रडण्यापुरताच.

तपासणं का, त्याचं ताजं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने कबूल केलं की आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआयची काही कार्डं कारखान्यातूनच कमी आरओपी (चित्रावर शेवटचा हात फिरवणारे भाग) घेऊन बाहेर पडली. पुढे ५०८० चीही सापडली. प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी, पण ते कार्ड आपल्याच नशिबी आलं तर टक्केवारी काय चाटायची आहे? जीपीयू-झेडमध्ये ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६ आरओपी दिसले पाहिजेत. आठ कमी दिसले तर कार्ड परत.

तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही चालतील, तेच जास्त कामाचे.

निवांत वाचक

+१. हार्ड डिस्कवाल्यांसाठी भर घालतो. क्रिस्टलडिस्कइन्फोवर डोळे मिटून विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण गाजलं. मधल्या कुणीतरी त्यांच्या स्मार्ट नोंदींमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) चालू-तास शून्य करून ठेवले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंदवही असते, ती पुसायची राहिली. स्मार्टमॉनटूल्स हे मोफत साधन ती वाचून दाखवतं. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर समजून जा.

सेकंडहँड प्रोसेसर घेणाऱ्यांनाही सांगायचंय. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, ६५ वॅट आणि त्यावरचे, जास्तीच्या व्होल्टेजने आतून झिजत होते. २०२४ मध्ये कंपनीने बायोसमधून (बोर्डावरची मूळ आज्ञावली) मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांचे, उतारे दिले, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, मग सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. पण उतारा पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी अद्ययावत केला होता, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. इंटेलने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा मूळ बिलाशिवाय असला प्रोसेसर घेऊ नका.

नवशिकी

धागा मस्त! मी पहिल्यांदाच पीसी असेंबल केलाय, भावाच्या मदतीने. (खरं तर त्याने केला, मी स्क्रू पकडून उभी होते.) एएमडीचा एएम५ बोर्ड, रायझन ७६०० प्रोसेसर, रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलंय, टास्क मॅनेजर ४८०० दाखवतो. म्हणजे मीही फसले का? आणि अजून दोन स्टिक घेऊन चारही स्लॉट भरून टाकले तर वेग वाढेल का?

बायोसबाई

नवशिकी, फसली नाहीस. रॅम नेहमी आधी आपल्या सुरक्षित वेगाने उठते. ६००० हा ओव्हरक्लॉकचा वेग आहे, तो बायोसमध्ये जाऊन मागावा लागतो. एएमडी बोर्डावर त्याचं नाव एक्सपो, इंटेलवर एक्सएमपी. ते चालू कर, साठव, बंद करून चालू कर.

आता तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरशील.

एएम५ वर रॅमची सेटिंग बदलली की पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची पारख करतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेव्हा पडदा काळाच असतो, कधी कधी काही मिनिटं. पॉवरचं बटण दाबू नकोस. चहा करून ये.

सीपीयू-झेडमध्ये तुला ३००० दिसेल. तेही बरोबरच. डीडीआर एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून ३००० मेगाहर्ट्झ म्हणजे ६०००. या एका गोंधळामुळे किती चांगल्या स्टिक परत गेल्या असतील!

आणि चार स्टिकचा विचार सोडून दे. डीडीआर५ ला गर्दी सोसत नाही. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, चारना फक्त ३६००. जास्त रॅम हवी तर दोनच मोठ्या स्टिकचा जोड घ्यावा, एकाच पाकिटातला.

जाता जाता बघ, स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहेत? प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा हवा.

तारेवरची कसरत

फसलेले अनुभव मागितलेत म्हणून मनावर दगड ठेवून लिहितो.

जुना मॉड्युलर (सुट्या केबलींचा) एसएमपीएस आवाज करायला लागला म्हणून नवा आणला. ब्रँड दुसरा. जुन्या केबली कॅबिनेटच्या मागच्या बाजूला मी फार निगुतीने बांधल्या होत्या, एकेक पट्टी मोजून. म्हटलं, पुन्हा कोण उपसतंय. जुना डबा काढला, नवा बसवला, त्याच केबली खटाखट लावल्या. बसल्या की! बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग वास आला.

एक एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क गेल्या. एका डिस्कवर दहा वर्षांचे फोटो होते.

केबलचं जे टोक डिस्कला किंवा बोर्डाला लागतं ते ठरलेल्या मानकाचं असतं. एसएमपीएसच्या बाजूचं टोक कुठल्याच मानकात बसत नाही, ज्याची त्याची मर्जी. खाच तीच, पण कुठल्या पिनेवर काय येणार ते कंपनी ठरवते. माझ्या बाबतीत ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट गेले. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही केबली जुळतील असं धरून चालू नका. एसएमपीएस बदलला तर केबली सगळ्या बदला, मग कितीही सुबक बांधलेल्या असोत. आणि जुन्या केबली पिशवीत घालून पिशवीवर त्या एसएमपीएसचं नाव लिहा.

एसएमपीएसवरच्या ८० प्लस शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. २००४ पासून चालत आलेला हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ९० टक्के वीज कामी आली. व्होल्टेज किती थरथरतं, शॉर्ट झाल्यावर डबा स्वतःला बंद करतो का, यातलं काहीही तो तपासत नाही. चाचणीही २३ अंश तापमानाला होते, तुमच्या कॅबिनेटच्या आत तेवढा गारवा असेल तर तुम्ही सुखी. गोल्ड पाहून आनंद जरूर माना, पण वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. दहा वर्षांची हमी देणारी कंपनी आत कसले कपॅसिटर घालते, याचा अंदाज त्यावरून येतो.

मोठ्या कार्डवाल्यांनी १६ पिनेच्या कनेक्टरकडे लक्ष द्या. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर १२व्हीएचपीडब्ल्यूआर हा कनेक्टर होता आणि वितळल्याच्या बातम्या महिन्याभरात सुरू झाल्या. पुढे १२व्ही-२एक्स६ आला, त्यात सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाने जास्त वीज मागूच नये. तरी ५०९० हे ५७५ वॅटचं कार्ड आणि कनेक्टरची मर्यादा ६००. उरलं काय? प्लग शेवटपर्यंत दाबा, टॉर्च मारून फट राहिली नाही ना ते बघा, मुळाशी केबल वाकवू नका.

अर्धवट अभियंता

कसरत, फोटोंचं वाचून वाईट वाटलं.

खटपट्या, एका गोष्टीवर मात्र वाद घालणार. कार्डांच्या बाबतीत "८ जीबी मेमरीचं घेऊ नका" हा जप आता अति झालाय. १०८०पी मॉनिटर, जुने खेळ, थोडं व्हिडिओ एडिटिंग, एवढ्यासाठी ८ जीबी अजून पुरतं. सगळेच काही नवे खेळ अल्ट्रावर लावत नाहीत.

खटपट्या

मी तसं लिहिलंच नव्हतं, पण विषय काढलात तर बोलू. :)

पुरतं, मान्य. पण कुठल्या बोर्डावर? आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉटमध्ये बसत असली तरी वापरतात आठच लेन. नव्या बोर्डावर काही बिघडत नाही. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर तेवढ्याच लेनमधून खूप कमी डेटा जातो. ८ जीबी भरली की कार्डाला सारखं मुख्य रॅमकडे हात पसरावे लागतात आणि नेमका तो रस्ताच अरुंद. म्हणजे ८ जीबीचा त्रास सगळ्यात जास्त त्याला, ज्याने जुना पीसी वाचवायला ते कार्ड घेतलं. आरएक्स ६५०० एक्सटीने तर २०२२ मध्ये चारच लेन देऊन कहर केला होता.

जुन्या बोर्डावर टाकायचं तर १६ जीबीवालं बघा, नाहीतर पूर्ण सोळा लेनचं एखादं जुनं कार्ड. सेकंडहँड घेताना जीटीएक्स १००० मालिका मात्र आता टाळा. ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना नव्या खेळांचे ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

अर्धवट अभियंता

लेनचं लक्षात नव्हतं आलं. माझा बोर्ड ३.० चाच आहे. शब्द मागे घेतो, निदान माझ्यापुरते.

जुनं ते सोनं

आम्हा म्हाताऱ्यांसाठीही काही सांगा. माझा पीसी सातव्या पिढीच्या आय५ चा, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू व्हायला इतका वेळ घेतो की मधल्या वेळात अर्धा पेपर वाचून होतो. सगळे म्हणतात फेकून द्या, विंडोज ११ यावर चालणार नाही. बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची एक सोय) चालू केलं की चालेल, असंही एकाने सांगितलं. मला फक्त मेल, बँकेचं काम आणि लेखन करायचं असतं.

बायोसबाई

काका, फेकू नका!

टीपीएमचं अर्धंच खरं आहे. आठव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनमध्ये ते नुसतं बंद असतं. इंटेलच्या बायोसमध्ये पीटीटी, एएमडीच्यात एफटीपीएम या नावाने लपलेलं. पण तुमचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही, तेव्हा ते चालू करूनही रीतसर ११ मिळणार नाही. (इतर वाचकांसाठी: तिथे हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा आणि रिकव्हरी की मशीनबाहेर उतरवून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी पीसी ४८ आकडे मागत बसेल.)

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. बँकेचं काम करता, तेव्हा हे आधी करा.

वेगाचं म्हणाल तर तुमचा चोर पकडलाच म्हणून समजा. पीसी चालू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर हार्ड डिस्क अडवून बसली आहे. २.५ इंची साटा एसएसडी घ्या. वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, आणि हे काम करायला तो भरपूर आहे. लांबुळकी एम.२ घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसायला जुळ्या भावांसारखे असतात, आणि तुमचा बोर्ड त्यातला कुठला मानतो ते शोधण्यात दिवस जाईल.

निवांत वाचक

आणि ऑक्टोबर २०२६ नंतर त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. ब्राउझर आणि लेखन, दोन्ही सुखाने होईल. मराठी टंकलेखनाचीही सोय आहे.

जुनं ते सोनं

टास्क मॅनेजर पाहिला. डिस्क १००, प्रोसेसर ९. बायोसबाई, तुमच्या तोंडात साखर पडो. एसएसडी मागवतो.

मांडीवरचा संगणक

लॅपटॉपवाल्यांना कुणी विचारतच नाही, म्हणून मीच लिहिते. तिकडे नावाचा खेळ आणखी वाईट. रायझन ७००० च्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा आकडा वाचायचा, पहिला नाही. ७५२०यू मध्ये २ म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या प्रोसेसरांच्या पिढ्यांचं नाव), ते डिझाइन २०१९ चं. ७५३०यू झेन ३, ७५४०यू झेन ४. शेजारी शेजारी ठेवले तर दहा-दहाचा फरक वाटतो, आत मात्र तीन पिढ्या.

ग्राफिक्समध्ये वॅट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कुणाला ३५ वॅटवर मिळतं, कुणाला ११५ वर. नाव दोघांचं एकच. आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली असेल तर आज घ्याल तेवढीच जन्मभर, या टंचाईत तर ते आधी बघा. मी ८ जीबीवाला घेऊन पस्तावले आहे.

नवशिकी

आले परत! कव्हर उघडलं तर स्टिक पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. म्हणजे इतके दिवस दोन्ही एकाच चॅनलवर, डेटाला दोन रस्ते असताना एकच वापरात. भावाला फोटो पाठवला, त्याने "वाचलं" करून सोडून दिलंय. दुसऱ्या-चौथ्यात बसवल्या, एक्सपो चालू केलं, आणि पडदा काळा. चहा केला, प्यायले, कप विसळला. मग आला एकदाचा. ६०००!

आणि मागे हात घातलाच होता तर कळलं की मॉनिटरची केबल कार्डाला नाही, बोर्डाला लावली होती. आता मॉनिटरच्या सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झही दिसायला लागले.

कसरतदादा, आमच्या घरी जुन्या एसएमपीएसच्या केबलींची एक पिशवी आहे. पिशवीवर नाव नाही. त्यातल्या दोन केबली माझ्या नव्या एसएमपीएसमध्ये छान बसतायत. कुठल्या आहेत ते ओळखायला फोटो टाकू का?

तारेवरची कसरत

फोटो नको. कात्री घ्या.